विश्लेषण : ‘देस्पासितो’च्या पलीकडे काय? पर्यायी लॅटिन संगीत शोधायचे कसे?

लुईस फॉन्सी आणि डॅडी यँकी यांचे ‘देस्पासितो’ २०१७ मध्ये जगभर वाजले. त्याची जस्टिन बीबरसह केलेली आवृत्ती अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत सलग १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. स्पॅनिशचा एक शब्दही न कळणारे भारतीय श्रोतेही ते गुणगुणत होते. त्यानंतर संगीताच्या अ‍ॅपमधील ‘लॅटिन’ नावाचा कप्पा ठळक झाला. पण तो उघडला की वर दिसतात ती बहुतेक एकाच ठेक्यावरची गाणी. त्याच प्रदेशातले रॉक, इलेक्ट्रॉनिक, हिप-हॉप, लोकसंगीत आणि या साऱ्यांच्या सरमिसळीतून घडलेले संगीत सहजी हाती लागत नाही. असे का होते आणि ते शोधण्याचा अधिक चांगला मार्ग कोणता, याविषयी…

‘लॅटिन’ म्हणजे नेमके काय?

संगीताच्या बाजारात ‘लॅटिन’ हा शब्द सोयीसाठी वापरला जातो. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतचे देश, कॅरिबियन बेटे, पोर्तुगीज बोलणारा ब्राझील, अमेरिकेत वाढलेली स्थलांतरितांची मुले आणि थेट युरोपातला स्पेन, इतके सारे या एका शब्दात कोंबले जाते. स्पेनच्या कातालोनियातील गायिका रोसालिया हिच्या ‘एल माल केरेर’ला २०१९ मध्ये लॅटिन ग्रॅमीचा सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एमटीव्हीच्या पुरस्कारांत तिला ‘लॅटिन’ विभागात गौरवले गेले, तेव्हा युरोपातल्या गायिकेला हे बिरूद कसे, असा वाद झाला. दुसरीकडे पेरूच्या डोंगराळ भागात केचुआ भाषेत गाणारी मुलगीही याच कप्प्यात येते. तिची भाषा तर लॅटिनपासून निघालेलीसुद्धा नाही.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. लावणी, भीमगीत, कोळीगीत, पोवाडा आणि पुण्या-मुंबईतला एखादा रॉक बँड हे सगळे ‘प्रादेशिक’ या एकाच खणात टाकले की काय होते, हे त्याला ठाऊक आहे. खणात जे सर्वाधिक खपते तेच वर येते आणि बाहेरच्या माणसाला तेवढीच त्या भाषेची ओळख होते. ‘लॅटिन’बाबत तेच घडले आहे. फरक इतकाच, की तिथे हा एक खण कित्येक देशांचा आहे.

या खणातच पुढे आणखी एक उपखण झाला. अमेरिकेच्या ग्रॅमी पुरस्कारांत १९९८ पासून लॅटिन रॉक आणि पर्यायी संगीतासाठी वेगळा पुरस्कार दिला जाऊ लागला. पहिला मान अर्जेंटिनाच्या लोस फाबुलोसोस कादियाक्स या बँडच्या अल्बमला मिळाला. २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये लॅटिन पर्यायी संगीताची वार्षिक परिषद सुरू झाली. जे संगीत कुठल्याच ठरलेल्या चौकटीत बसत नव्हते, त्याला निदान एक नाव मिळाले. मात्र नाव मिळाल्याने ते सापडणे सोपे झाले असे नाही.

‘पर्यायी’ कशाला पर्याय?

या प्रश्नाचे उत्तर दर दशकात आणि दर देशात वेगळे आहे. ब्राझीलमध्ये १९६८ च्या सुमारास काएतानो वेलोसो, जिल्बेर्तो जिल आणि ओस मुतान्तेस यांनी सांबा, बोसा नोव्हा आणि विजेच्या गिटारवरचे रॉक एकत्र आणले. ही ‘त्रोपिकालिया’ चळवळ. डाव्यांना ती परकी वाटली आणि लष्करी राजवटीला धोकादायक. डिसेंबर १९६८ मध्ये वेलोसो आणि जिल यांना अटक झाली. पुढे दोघांना लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहावे लागले, ते १९७२ मध्ये परतले. ज्या जिल यांना देश सोडावा लागला, तेच २००३ मध्ये ब्राझीलचे सांस्कृतिक मंत्री झाले.

मेक्सिकोत सप्टेंबर १९७१ मध्ये आवान्दारो येथे प्रचंड गर्दीचा रॉक महोत्सव झाला. त्याने बिथरलेल्या सरकारने नंतर रॉकच्या जाहीर कार्यक्रमांवर वरवंटा फिरवला. हे संगीत मग शहरांच्या कडेच्या वस्त्यांमध्ये, गोदामांमध्ये आणि मोडक्या सभागृहांत वाढले. अर्जेंटिनात नेमके उलटे घडले. १९८२ मध्ये ब्रिटनशी फॉकलंड बेटांवरून युद्ध पेटले आणि लष्करी सरकारने रेडिओवरील इंग्रजी गाण्यांवर निर्बंध आणले. रिकामा वेळ भरून काढायला केंद्रांना देशी स्पॅनिश रॉकच वाजवावे लागले. त्याच सरकारवर नाराज असलेल्या तरुणांचे संगीत सरकारच्याच आदेशामुळे घराघरांत पोहोचले.

आज मुख्य प्रवाहाचे प्रतीक मानले जाणारे रेगेटोनही एकेकाळी पर्यायी होते. पनामातील स्पॅनिश रेगे आणि अमेरिकी हिप-हॉप यांच्या मिश्रणातून प्वेर्तो रिकोच्या गरीब वस्त्यांत ते आकाराला आले. हाताने भरलेल्या कॅसेटींमधून ते पसरले. १९९५ मध्ये अश्लीलतेचे कारण देऊन पोलिसांनी सान हुआनमधील दुकानांवर छापे घातले आणि या कॅसेटी जप्त केल्या. म्हणजे ‘पर्यायी’ ही कुठल्या एका ठेक्याची किंवा वाद्याची ओळख नाही. त्या घडीला ज्या संगीताला दुकान, रेडिओ किंवा सरकार जागा देत नाही, ते पर्यायी. म्हणूनच ते एका संगीतप्रकाराच्या नावाने शोधू गेल्यास सापडत नाही.

सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या अल्बममध्ये पर्यायी दारे कशी?

मुख्य प्रवाह वाईट आणि पर्यायी तेवढे अस्सल, अशी सोपी विभागणी मात्र करता येणार नाही. त्याचा पुरावा बॅड बनीच्या ‘उन वेरानो सिन ती’ या मे २०२२ मधील अल्बममध्ये आहे. त्या वर्षी स्पॉटिफायवर जगात सर्वाधिक ऐकला गेलेला हा अल्बम. ग्रॅमीच्या ‘वर्षातील सर्वोत्तम अल्बम’साठी नामांकन मिळालेला तो पहिला संपूर्ण स्पॅनिश अल्बम ठरला. त्याच्या २३ गाण्यांत तीन पाहुणे असे आहेत, की प्रत्येकाच्या मागे एक वेगळे जग आहे.

पहिले बुस्काबुया. राकेल बेर्रिओस आणि लुईस आल्फ्रेदो देल वाये या जोडप्याने न्यूयॉर्कमध्ये ही जोडी उभी केली. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिको उद्ध्वस्त केल्यावर लोक बेट सोडून जात होते, तेव्हा हे दोघे उलट परत गेले. ‘रेग्रेसा’ हा त्यांचा २०२० मधील अल्बम त्या परतण्याविषयीच आहे. सिंथेसायझरच्या संथ लाटांवर कॅरिबियन ताल, आणि त्यावर घर सापडल्याचा आनंद व घर मोडल्याचे दुःख एकाच वेळी. दुसरा बँड बोम्बा एस्तेरेओ. सिमोन मेहिया यांनी बोगोतामध्ये सुरू केलेल्या या बँडने कोलंबियाच्या किनारपट्टीवरचे ढोल आणि क्लबमधले इलेक्ट्रॉनिक संगीत यांची सांगड घातली. तिसरा लॉस एंजेलिसचा द मारियास. त्यांची गाणी एकाच अल्बममध्ये इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये सहज ये-जा करतात.

जानेवारी २०२५ मधील ‘देबी तिरार मास फोतोस’ या नंतरच्या अल्बममध्येही बॅड बनीने हीच वाट धरली. त्यात प्लेना हा प्वेर्तो रिकोचा हातडफांवरचा लोकप्रकार वाजवणारे लोस प्लेनेरोस दे ला क्रेस्ता आहेत, इसाबेला गावचा चुवी हा तरुण बँड आहे आणि रायनाओ ही गायिकाही. कोट्यवधी लोकांनी हे अल्बम ऐकले. त्यातल्या पाहुण्यांच्या नावावर बोट ठेवून पुढे गेलेले किती, हा खरा प्रश्न. मोठा कलाकार दार उघडून देतो, पण आत पाऊल श्रोत्यालाच टाकावे लागते.

एक ताल किती देश फिरतो?

नवे संगीत शोधण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग म्हणजे एखाद्या तालाचा प्रवास धरणे. त्यासाठी कुम्बियाइतके चांगले उदाहरण नाही. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर आफ्रिकी ढोल, आदिवासींच्या बासऱ्या आणि स्पॅनिश गाणे यांच्या मेळातून हा ताल जन्मला. चालायला लागल्यासारखा, किंचित डुलत जाणारा. विसाव्या शतकाच्या मध्यावर तबकड्यांतून तो सीमा ओलांडू लागला.

पेरूत पोहोचल्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यातली अकॉर्डियन बाजूला पडली आणि विजेची गिटार आली. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातील पुकाल्पा शहरात हुआनेको इ सु कोम्बो हा बँड तेलाच्या आणि लाकडाच्या धंद्यावर वाढणाऱ्या वस्तीसाठी वाजवत होता. अँडीज पर्वतातून लिमाच्या झोपडपट्ट्यांत उतरलेल्या स्थलांतरितांनी त्यात आपल्या डोंगरी सुरावटी मिसळल्या. या संगीताला मक्याच्या स्थानिक पेयावरून ‘चिचा’ म्हणू लागले. लिमातल्या उच्चभ्रूंच्या तोंडी हा शब्द बराच काळ शिवीसारखा होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील बार्बेस या छोट्या कंपनीने २००७ मध्ये जुन्या चिचा गाण्यांचा संग्रह काढला, तेव्हा जगाने त्याकडे नव्याने कान दिला.

मेक्सिकोच्या माँटेरे शहरात हाच ताल संथ झाला. एका ध्वनिक्षेपकवाल्याचे यंत्र तापून तबकडी हळू फिरू लागली आणि नाचणाऱ्यांना ती गतीच आवडली, अशी त्याची कथा सांगितली जाते. ‘कुम्बिया रेबाहादा’ नावाच्या या प्रकाराभोवती तिथल्या गरीब वस्तीतील मुलांनी कपडे, केशरचना आणि नाच यांची आख्खी दुनिया उभी केली. फर्नांदो फ्रियास यांचा ‘या नो एस्तोय आकी’ हा २०१९ मधील चित्रपट त्याच मुलांचा आहे. याच शहरातल्या सेल्सो पिन्या या अकॉर्डियनवादकाने ‘बार्रिओ ब्राव्हो’ (२००१) मध्ये रॉक आणि हिप-हॉपवाल्यांना आपल्या तालावर आणले.

पुढे २००६ च्या सुमारास ब्युनॉस आयर्समधील रात्रीच्या मैफलींतून कुम्बियाचा इलेक्ट्रॉनिक अवतार आला आणि त्यातूनच झेडझेडके ही रेकॉर्ड कंपनी निघाली. या कंपनीचा पेद्रो कानाले ‘चान्चा वीया सिरकुइतो’ या नावाने संगीत करतो. होसे लारराल्दे यांच्या जुन्या गाण्यावर त्याने केलेले संस्करण ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेत वाजले आणि अनेकांनी नकळत दक्षिण अमेरिकेचे लोकसंगीत ऐकले. इक्वेडोरचा निकोला क्रूस याच कंपनीतून पुढे आला. एका तालाचा माग काढला, तर चार देश, दोन भाषिक परंपरा, जंगल, झोपडपट्टी आणि क्लब असा प्रवास होतो. ‘इलेक्ट्रॉनिक’ किंवा ‘लोकसंगीत’ अशा एकेका खणात शोधणाऱ्याला यातला एखादाच तुकडा मिळतो.

पडद्यामागची नावे का वाचावीत?

कॅसेटच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचणारी एक पिढी होती. संगीतकार कोण, वादक कोण, ध्वनिमुद्रण कुठले, हे तिला पाठ असे. अ‍ॅपमध्ये ही माहिती दोन-तीन टिचक्यांच्या मागे लपली आहे, पण ती आहे. लॅटिन पर्यायी संगीतात ती सर्वांत उपयोगी पडते, कारण इथे निर्मातेच प्रकारांमधले पूल बांधतात.

गुस्तावो सांताओलाया हे त्यातले मोठे नाव. ‘ब्रोकबॅक माउंटन’ आणि ‘बाबेल’ या चित्रपटांसाठी त्यांना ऑस्कर मिळाले आणि ‘द लास्ट ऑफ अस’ या व्हिडीओ गेमचे संगीतही त्यांचेच. पण त्याआधी अर्जेंटिनात आर्को आयरिस या बँडमधून त्यांनी रॉक आणि लोकसंगीत एकत्र केले होते. लष्करी राजवटीच्या काळात ते अमेरिकेत गेले आणि पुढे मेक्सिकोतील नव्या बँडचे निर्माते झाले. काफे ताकुबाचा ‘रे’ (१९९४) हा अल्बम त्यांच्याच देखरेखीखाली झाला. २० गाणी आणि जवळपास प्रत्येकाचा प्रकार निराळा. उत्तर मेक्सिकोचे अकॉर्डियन, बोलेरो, पंक, स्का, सगळे एका पाठोपाठ. प्रकारांच्या भिंती ओलांडणे म्हणजे काय, हे ज्याला एका तासात समजून घ्यायचे आहे त्याने हा अल्बम ऐकावा. मोलोतोव, हुलिएता बेनेगास आणि हुआनेस यांचे गाजलेले सुरुवातीचे अल्बमही सांताओलाया यांच्याकडेच घेऊन जातात.

दुसरे नाव एदुआर्दो काब्रा. प्वेर्तो रिकोच्या काये १३ या गाजलेल्या गटाची संगीताची बाजू ते सांभाळत. नंतर निर्माता म्हणून ते कोलंबियाच्या मॉन्सिए पेरिने, व्हेनेझुएलाच्या ला विदा बोएमे आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातील रिता इंदियाना यांच्यापर्यंत पोहोचले. रिता इंदियाना या नावाजलेल्या कादंबरीकारही आहेत. मेरेंगे या आपल्या देशाच्या नाचाच्या तालाला त्यांनी ‘एल हुइदेरो’ (२०१०) मध्ये रॉकचे धारदार टोक दिले. दहा वर्षांनी आलेल्या ‘मान्दिंगा टाइम्स’चे निर्माते काब्राच होते. एका निर्मात्याचे नाव लक्षात ठेवले की चार देशांचे चार बँड हाती येतात. कुठलीही यादी इतका नेमका रस्ता दाखवत नाही.

अल्गोरिदम कुठे कमी पडतो?

शिफारस करणाऱ्या यंत्रणेचे मूळ तत्त्व साधे आहे. ‘हे गाणे ऐकणाऱ्यांनी ते गाणेही ऐकले’ अशा नोंदींवरून ती अंदाज बांधते. शिवाय गाण्याची गती, ऊर्जा, आवाजाचा पोत यांची मापेही ती वापरते. स्पॉटिफायने २०१५ मध्ये दर सोमवारी ३० गाण्यांची खास यादी देणे सुरू केले, तेव्हा अनेकांना त्यातून खरोखर नवे कलाकार सापडले. त्यामुळे यंत्राला सरसकट शिव्या देणे अन्यायाचे होईल. भारतातल्या श्रोत्यापर्यंत स्पॅनिश गाणी पोहोचली त्यात या यंत्रणेचा वाटा आहेच.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे, ज्याच्या नोंदीच कमी आहेत त्याच्याविषयी यंत्राला सांगण्यासारखे फारसे नसते. त्यामुळे आधी ऐकले गेलेलेच पुन्हा पुन्हा पुढे येते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. यंत्र साम्य शोधते. पर्यायी लॅटिन संगीताचा जीव मात्र बेमेळ गोष्टी एकत्र आणण्यात आहे. ‘रे’मधील एक गाणे आवडले म्हणून यंत्र तसेच दुसरे देईल, त्याच अल्बममधले अगदी वेगळे गाणे देणे त्याच्या स्वभावात नाही. एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा धागा निर्मात्याचा, वस्तीचा किंवा स्थलांतराचा असतो आणि तो गाण्याच्या गतीत मोजता येत नाही.

याला पैशाचीही बाजू आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. मोठ्या कलाकाराला याने काही फरक पडत नाही. पण पहिला अल्बम काढणाऱ्या, छोट्या भाषेत गाणाऱ्या बँडसाठी न सापडणे म्हणजे शून्य कमाई. श्रोत्याने शोधणे ही त्यामुळे केवळ चवीची बाब उरत नाही.

भाषा कळत नसेल तर?

मराठी कानाला हे ताल अगदी परके नाहीत. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी ‘अलबेला’ (१९५१) मध्ये बोंगो आणि ब्रास वाद्ये घेऊन लॅटिन धाटणीची गाणी बांधली आणि त्यावर भगवानदादा नाचले. ऐकणाऱ्यांनी त्याचे मूळ विचारले नाही, पाय मात्र हलले. तेव्हा संगीतासाठी भाषा आड येत नाही, हे खरे.

पण एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच ऐकणे. पेरूच्या आयाकुचो येथील रेनाता फ्लोरेस या मुलीने २०१५ मध्ये मायकेल जॅक्सनचे एक गाणे केचुआ भाषेत गायले आणि त्याची चित्रफीत गाजली. पुढे तिने ट्रॅप आणि हिप-हॉपच्या ठेक्यांवर केचुआतच स्वतःची गाणी केली. या भाषेत बोलणाऱ्यांना शहरांत हिणवले जाते, म्हणून अनेक घरांत ती मुलांना शिकवलीच जात नाही, हे माहीत असेल तर तिचे गाणे वेगळे ऐकू येते. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातील मारे आद्वेर्तेन्सिया लिरिका ही रॅपर झापोतेक समाजातून आली आहे. स्पॅनिशमधून का होईना, ती त्याच समाजाच्या बायकांविषयी बोलते.

कोलंबियात जन्मलेली आणि कॅनडात राहणारी लिदो पिमिएन्ता हिचेही तसेच. तिच्याकडे आफ्रिकी आणि वायू आदिवासी असा दुहेरी वारसा आहे. २०१५ च्या विश्वसुंदरी स्पर्धेत निवेदकाने चुकून कोलंबियाच्या स्पर्धकाला विजेती जाहीर केले होते. त्यानंतर मायदेशात उसळलेली वंशद्वेषी शेरेबाजी पाहून तिने आपल्या २०२० च्या अल्बमला ‘मिस कोलोंबिया’ नाव दिले. त्यात सान बासिलिओ दे पालेन्के गावचा सेक्सतेतो ताबाला हा गट गातो. गुलामीतून पळालेल्या आफ्रिकी लोकांनी सतराव्या शतकात वसवलेले हे गाव. मोबाइलवर गीताचे शब्द आणि त्याचे भाषांतर मिळवायला आज मिनिट लागत नाही. भाषांतर ओबडधोबड असते, पण विषय कळण्यापुरते पुरते.

पणाला काय लागले आहे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये लॅटिन रॉक व पर्यायी अल्बमचे ग्रॅमी व्हेनेझुएलाच्या रावायाना या बँडला मिळाले. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी मायदेशातला त्यांचा दौरा रद्द झाला होता. निमित्त ‘वेनेका’ या त्यांच्या गाण्याचे. परदेशी गेलेल्या व्हेनेझुएलन बायकांना हिणवण्यासाठी हा शब्द शेजारच्या देशांत वापरला जातो. तोच शब्द बँडने अभिमानाने उचलला. राष्ट्राध्यक्ष निकोलास मादुरो यांनी मात्र हा देशातील स्त्रियांचा अपमान असल्याची टीका केली आणि पाठोपाठ कार्यक्रम बंद पडले. ७० लाखांहून अधिक लोक सोडून गेलेल्या देशात, स्थलांतरितांच्या वाट्याला आलेली शिवी कोणी आणि कशी उच्चारावी, हा प्रश्न एका नाचाच्या गाण्याने पुढे आणला. क्युबात तर ‘पात्रिया इ विदा’ या २०२१ मधील गाण्याशी जोडलेले रॅपर मायकेल कास्तियो यांना २०२२ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली.

मेक्सिकोची सिल्वाना एस्त्रादा हिने ‘सी मे मातान’मध्ये बायकांच्या हत्यांचा विषय हाती घेतला. वाद्ये घडवणाऱ्या आईवडिलांची ही मुलगी चार तारांचा छोटा व्हेनेझुएलन ‘कुआत्रो’ वाजवून गाते. २०२२ मध्ये लॅटिन ग्रॅमीचा सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार तिला विभागून मिळाला. दुसऱ्या मानकरी होत्या ९५ वर्षांच्या क्युबन-अमेरिकी गायिका आंखेला आल्वारेस. आयुष्यभर घरात गाणाऱ्या या बाईंचे गाणे जगापुढे यायला नव्वदी उलटावी लागली. चांगले संगीत आपोआप वर येते, हा समज किती भाबडा आहे याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. ते कोणीतरी शोधले, तरच वर येते.

दूरदेशीच्या श्रोत्याने फोनवर ऐकल्याने तुरुंगाची दारे उघडत नाहीत, हे उघड आहे. शिवाय दुसऱ्याच्या दुःखाला ‘वेगळा साउंड’ म्हणून चघळण्याचा धोकाही असतो. पण ज्या संगीतकाराला घरी मंच नाकारला जातो, त्याचा संसार बाहेरच्या श्रोत्यांवरच चालतो. त्याचे पुढचे गाणे व्हावे की नाही, यात त्यांचा वाटा असतो.

मग सुरुवात कुठून करावी?

एकच धागा धरावा आणि तो तुटेपर्यंत सोडू नये. बॅड बनी आधीच यादीत असेल तर बुस्काबुयापासून निघावे. नाचाची आवड असेल तर कुम्बियाबरोबर कोलंबिया ते ब्युनॉस आयर्स असे जावे. रॉक आवडणाऱ्याने काफे ताकुबाच्या ‘रे’पासून सांताओलाया यांचा माग काढावा. पोर्तुगीजचे कुतूहल असेल, तर ब्राझीलच्या रेसिफे शहरातील शिको सायन्स आणि नासाओ झुम्बी यांचा ‘दा लामा आओ काओस’ (१९९४) ऐकावा. खाडीच्या चिखलात रोवलेली डिश अँटेना हे या मंडळींच्या ‘मांगेबीट’ चळवळीचे चिन्ह होते. पाय आपल्या मातीत आणि कान जगाकडे, एवढा त्याचा साधा अर्थ. स्थानिक माराकातू ढोल आणि जड गिटार तिथे शेजारी शेजारी वाजतात.

वाटाडे म्हणून माणसे निवडावीत. अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवरील ‘ऑल्ट लॅटिनो’ हा कार्यक्रम २०१० पासून हेच काम करतो. सिएटलच्या केईएक्सपी केंद्राचे ‘एल सोनिदो’ आणि ‘टायनी डेस्क’च्या मैफली यूट्यूबवर फुकट पाहता येतात. अर्जेंटिनाचे कात्रिएल आणि पाको आमोरोसो ही जोडी ऑक्टोबर २०२४ मधील अशाच एका छोट्या मैफलीतून कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचली. यादी चाळण्यापेक्षा एक अल्बम सलग ऐकावा, तोही दोनदा. गाणे आवडले तर बँडचे पान ‘फॉलो’ करावे. जमल्यास बँडकॅम्पसारख्या ठिकाणी अल्बम विकत घ्यावा. तिथे डिजिटल विक्रीतला साधारण १० ते १५ टक्के वाटा कंपनी ठेवते आणि व्यवहाराचा खर्च वजा जाता उरलेले पैसे कलाकाराकडे जातात.

‘लॅटिन’ हा खण बाजाराने केला आणि बाजार तो मोडणार नाही. तो मोडण्याचे काम श्रोत्याच्या सवयीनेच होऊ शकते. पुढच्या वेळी अ‍ॅपने त्याच ठेक्यावरचे आणखी एक गाणे पुढे केले, तर पडद्यावरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत असलेले दुसरे नाव दाबून पाहावे. बहुतेकदा वाट तिथूनच सुरू होते.